वाकळेच्या पोटात

पैठणी जपून ठेवतात, वाकळ कुणी जपत नाही. पैठणी पेटीत डांबराच्या गोळ्या घालून पडून राहते. वाकळ विरली की तिच्यावर-खाली आणखी एक लुगडं घालून नवी वाकळ शिवतात आणि जुनी तिच्या पोटात जाते. त्यामुळं बीड जिल्ह्यात शंभर वर्षांची वाकळ दाखवा म्हटलं तर कुणाच्याच घरी निघणार नाही, आणि एका अर्थी पुष्कळ घरांत निघेल. फक्त उसवून बघावं लागेल. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गोधड्या शिवणं हा माझा छंद आहे, आणि शिवते तितकंच उसवतेही. अंबाजोगाईत आमच्या गल्लीतल्या बायका फाटक्या वाकळा आणून टाकतात, "बाई, बघा हिचं काही होतंय का." मी आधी आत काय आहे ते बघते.

आमच्या घरची एक वाकळ अशी उसवली होती. केज तालुक्यात मांजरेच्या काठी आमचं गाव. तिथल्या घराच्या माळवदावरून ती आली. वरचा थर मायच्या छापील पातळांचा. त्याखाली वडिलांची धोतरं. धोतर मधोमध विरतं, काठाला टिकतं. म्हणून आजीनं ते उभं फाडून काठ मधे घेतले होते आणि विरलेला भाग कडेला सारला होता. झोपणाऱ्याची पाठ मधे येते, तिथं कापड दणकट हवं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं किंवा सगळ्यांनीच शिकवलं होतं. धोतरांच्या खाली एक निळं लुगडं, काठ काढून घेतलेलं; काठाच्या पट्टीचा गोट बहुधा दुसऱ्या कुठल्या गोधडीला लागला असावा.

त्याच्याखाली मात्र सगळा चुरा. हातभर लांब असा एक तुकडा नाही. बंडीचा खिसा शिवणीसकट, चोळीच्या बाह्या, पटक्याच्या पट्ट्या, कुंचीचा कोपरा. माय सांगायची की तो कंट्रोलच्या कापडाचा काळ. दुसऱ्या महायुद्धात कापड माप लावून मिळू लागलं, निजामाच्या राज्यातही तीच गत. नांदेडची उस्मानशाही, गुलबर्ग्याची महबूबशाही, अशा गिरण्या राज्यातच होत्या. पण खेड्यातल्या बाईच्या वाट्याला येईल ते किती! मग फाटकं लुगडं वाकळेत जायच्या आधी त्याची पोराची बंडी व्हायची, बंडी फाटली की टोपडं, आणि उरलेलं वाकळेला. या थरात आजीचे टाके अगदी बारीक आहेत. तुकडे लहान असले की टाके जवळ घ्यावे लागतात, नाहीतर धुण्यात सगळं गोळा होतं.

सगळ्यात खाली जाडीभरडी खादी निघाली. ती कुठून आली हेही मायला माहीत होतं. अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं आणि इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. आमचे एक चुलत आजोबा त्या शाळेत शिकले, आणि घरात सूत, टकळी, खादी हे सगळं त्यांच्यामागं आलं. पुढं रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीकडच्या गावांतली माणसं पलीकडं स्वतंत्र हिंदुस्थानच्या मुलखात कॅम्पांत जाऊन राहिली. त्यांनीही डोक्यावर नेलं ते वाकळेचं बोचकं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. त्याच्या तारखा आणि हुतात्म्यांची नावं मी तीसेक वर्षं मुलांना शिकवली. पण त्या खादीला हात लावला तेव्हा तो धडा मलाच नव्यानं कळला.

आता जरा मागं जाऊ. चिंध्या जोडून पांघरूण करण्याची युक्ती कुणा एका प्रदेशाची नाही. बंगालात कांथा आहे, सिंधमध्ये रल्ली, कर्नाटकात कौदी. आमच्या भागात या वस्त्राला मान होता तो जोगी-बैराग्यांमुळं. आष्टी तालुक्यात सावरगावच्या गडावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, मायंबा म्हणतात त्याला. जिल्ह्याची हद्द ओलांडली की मढीला कानिफनाथ. नाथजोग्याच्या वेषात शिंगी, मुद्रा, झोळी यांच्या जोडीला कंथा असते, म्हणजे ठिगळांचं वस्त्रच. आष्टीला लागून असलेल्या कर्जतचं ग्रामदैवत तर गोदड महाराज. अलीकडच्या काळात गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळं. एवढं असूनही एक गोष्ट मला नेहमी खटकते. संतांनी चिंध्या पांघरल्या की ती विरक्ती होते, आणि आमच्या आज्यांनी पांघरल्या की ती गरिबी. शिवाय त्या कंथा शिवल्या कुणी, हे एकाही चरित्रकाराला विचारावंसं वाटलेलं नाही.

आमच्या अंबाजोगाईत याहून मोठं आश्चर्य आहे, ते दासोपंतांची पासोडी. दासोपंत १५५१ चे, १६१५ ला इथंच समाधिस्थ झाले. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा, आणि त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची असं सांगतात. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडं वस्त्र. तसल्याच सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं, आकृत्या काढून, ओव्या मांडून. पंचमहाभूतांपासून देह कसा झाला हे समजावायला त्यांना कागद सापडला नसेल असं नाही. पण कापडावर मजकूर टिकतो, गुंडाळून नेता येतो, पसरून चार माणसांना एकदम दाखवता येतो, हे त्यांनी ओळखलं. लहानपणी शाळेची सहल आली तेव्हा मी ती पाहिली. सगळी पोरं अक्षर न्याहाळत होती. मी कडा कशा दुमडल्यात ते बघत होते म्हणून गुरुजी रागावले.

वाकळ शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. रब्बीची ज्वारी घरात आलेली, शेतात काम नाही, दुपार लांबलचक. ओसरी सारवून घ्यायची, खालचं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, दगड असं काहीतरी जड ठेवायचं. मग थर. शेतात वारंगुळा करतात तसाच इथंही: आज तुझी वाकळ, उद्या माझी. एकेका बाजूला एकेक बाई. कडेनं धावदोरा घालत निघायचं, कोपऱ्याला वळायचं, आणि चौकोनात चौकोन घेत आत सरकायचं. कडेकडून आत येण्याला कारण आहे. मधून बाहेर शिवत गेलं तर कडेला कापड उरतं किंवा कमी पडतं. आधी कड बांधून टाकली की उरलेली जिरवाजिरव आत होते. चारी बाया मधे येऊन भेटेपर्यंत गावातली सगळी लग्नं ठरून मोडलेली असायची.

टाक्यांवरून बाई ओळखता येते. आमच्या त्या वाकळेत आजीची बाजू तांदळाच्या कणीएवढ्या टाक्यांची आहे, आत्याची बाजू लांब, घाईची. तिला कुठल्याच कामात बसवत नसे. तिसरी बाजू कुणाची ते मायला सांगता आलं नाही, पण ती बाई डावखुरी होती. दोऱ्याची गाठ उलट अंगाला आहे. दोरा विकत आणलेला नसायचा. जुन्या लुगड्याच्या काठातून लांब सूत ओढून काढायचं, दोन-तीन पदर मांडीवर पिळून एक करायचे. शेवटी मधला चौकोन मिटवायच्या आधी आजी त्यात भाकरीचा तुकडा आणि हळदकुंकवाची चिमूट ठेवायची. वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणजे तिच्यात झोपणाऱ्याचंही रिकामं राहत नाही, अशी तिची समजूत. तो तुकडा उंदीर-घुशी शोधून काढायच्या हा भाग निराळा.

ज्यांच्या घरी हात कमी असत त्यांच्या वाकळा पालं ठोकून राहणाऱ्या भटक्या बाया शिवून द्यायच्या. गावाबाहेर त्यांची पालं पडली की दुसऱ्या दिवशी त्या दारोदार "वाकळ शिवायची का गं माय" म्हणत यायच्या. मजुरी पायली-अधोलीत, ज्वारीच्या रूपानं. कोपऱ्याला खणाचा त्रिकोणी तुकडा, मधे रंगीत चौकडा हे नखरे मी पहिल्यांदा त्यांच्याच हातचे पाहिले. आज शहरातले लोक ज्याला पारंपरिक डिझाइन म्हणतात, त्यातलं बरंच या बायांचं आहे.

रजई हे वेगळं प्रकरण. तिच्यात कापूस, आणि कापूस पिंजायला पिंजारी. त्याच्या धनुष्याच्या तातीचा आवाज गल्लीत आला की समजावं कुणाकडं तरी लग्न आहे. गेवराई, माजलगावच्या काळ्या जमिनीत कापूस ढिगानं पिकतो. पण पिकवणाऱ्याच्या अंगावर रजई क्वचित दिसायची. कापूस विकायचा असतो. सावकाराचा असतो, अडत्याचा असतो. १९७२ साली एकाधिकार खरेदी आल्यावर सरकारी केंद्राचा झाला. घरात उरायची ती वेचणीतली कवडी, आणि तीही दिव्याच्या वातींना पुरायची. कापूस पिकवणारा चिंध्या पांघरतो, ही गोष्ट इतकी रोजची होती की तिचं कुणाला नवल वाटलं नाही.

१९७२ म्हटलं की आमच्याकडं दुष्काळच आठवतो. मी तेव्हा शाळेत होते. गावातल्या बायका खडी फोडायला, नालाबांधाच्या कामावर. पोरांना सुकडी, घरात तांबड्या मिलोच्या भाकरी. त्या साली वाकळेत नवा थर पडला नाही, कारण काढून टाकण्यासारखं कापडच घरात नव्हतं. अंगावरचंच शेवटपर्यंत अंगावर. उसवलेल्या वाकळांत हा काळ म्हणून थरातून कळत नाही, ठिगळांवरून कळतो. ठिगळावर ठिगळ, त्यावर ठिगळ, आणि तेही वरून.

पुढची गोष्ट उसाची. नवरात्रात घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. घर झाडून, सारवून, घरातलं यच्चयावत कापड नदीवर. सगळ्यात जड काम वाकळांचं. भिजलेली वाकळ एकटीला पेलत नाही. एका टोकाला सासू, दुसऱ्याला सून, आणि दोघींनी उलट्या दिशांनी पिळायचं. जिथं पाणी असेल तिथला सगळा काठ आणि सगळ्या बाभळी रंगीबेरंगी होऊन जातात. बाहेरून आलेल्या माणसाला ही सणाची सजावट वाटते. पण दसरा काढण्याला आमच्या भागात दुसरंही एक कारण जोडलं गेलं आहे: दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, शेळी, कोंबड्या, पोरं, आणि सगळ्यांच्या खाली आणि वर धुतलेल्या वाकळा. सांगली, सातारा, कोल्हापूर, नगर, काही कर्नाटकात. परतायचं ते गुढीपाडव्याच्या आगेमागे.

मी शिकवत होते त्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर पट निम्म्यावर यायचा. एका वर्षी मुलांना भेटायला म्हणून आम्ही शिक्षक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडावर गेलो. कोप्या पाचटाच्या. आत जमिनीवर पाचटच पसरलेलं, त्यावर एक जाड वाकळ, आणि त्यावर सगळं घर. उसाच्या शेताला पाणी असतं, हिवाळ्यातली ती ओल जमिनीतून वर येते. पहाटे अंधारात माणसं तोडणीला उठतात आणि गाडी भरायला रात्री-बेरात्री कधीही. लहान पोर वाकळेत गुंडाळून उसाच्या मोळ्यांआड ठेवलेलं असतं. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथं धाकट्या भावाला सांभाळत बसली होती, आणि हातात सुई. वाकळेला चुलीच्या ठिणगीनं भोक पडलं होतं, ते बुजवत होती. टाके सरळ होते. मी काहीच न बोलता तिच्याकडून एक टाका शिकून घेतला: भोकाच्या कडा आत न दुमडता बाहेरून वर्तुळात आवळत आणायच्या.

त्या वाकळांना मी जरा जास्त वेळ हात लावला, कारण त्या मला परक्या वाटल्या. सुती नव्हत्या. माझ्या मते गोधडीला मारलं ते ब्लँकेटनं नाही आणि सोलापुरी चादरीनंही नाही; मारलं ते नायलॉन-टेरिलिनच्या साडीनं. सत्तरीनंतर त्या साड्या खेड्यात आल्या. बाईला त्यांचं सुख फार. धुवायला हलक्या, वाळायला झटपट, फाटत नाहीत, रंग जात नाही. त्याबद्दल त्यांना नावं ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर आपण हळहळणं. पण गोधडीच्या दृष्टीनं बघा. सुती लुगडं विरत विरत मऊ होतं आणि घाम पितं. नायलॉन म्हातारं होतच नाही. थरावर थर घसरतो, टाक्याला चुण्या पडतात, ठिणगी पडली तर सुती कापड धुमसतं आणि हे वितळून कातडीला चिकटतं. शिवाय नऊवारी गेलं. नऊवारीचे चार तुकडे केले की प्रत्येकी सव्वादोन वार. दोन-दोन जोडले की वाकळेची खालची आणि वरची, दोन्ही अंगं एकाच लुगड्यात निघत. सहावारीचे तीनच तुकडे, तेही दोन-दोन वारांचे. एक बाजू होते, दुसरी अर्ध्यावर लटकते. अर्धवट बाजू भरून काढायला मग शर्ट, परकर, शाळेचे गणवेश. गोधडीत आज दिसणारी रंगांची खिचडी बरीचशी या हिशोबातून आली आहे.

आणि ज्या वेळी घरात गोधडीची गरज संपली, त्या वेळी ती शहरात शोभेची झाली. बचत गटांच्या बायका मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये गोधड्या विकतात, त्याचा मला आनंदच आहे. हातात पैसा येतो. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं एक गाव आहे, नदीच्या वळणात अडकलेलं. कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांच्या वंशातल्या काळ्या बायका तिथं शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ ला त्यांची टपाल तिकिटं निघाली. भाचीनं मला मोबाइलवर ते फोटो दाखवले. गुडघ्यावर विरलेल्या विजारींचे निळे पट्टे, आणि खिसा जिथं होता तिथं कापड गडद राहिलेलं. मला आजीच्या बंडीचा खिसा दिसला. कापूस पिकवणाऱ्या बायकांची इकडची आणि तिकडची रीत एकच निघाली, फरक इतकाच की त्यांच्या गोधड्यांची आतली गोष्ट विचारायला कुणीतरी गेलं.

माझी तक्रार हौशी शिवणाऱ्यांबद्दल आहे, आणि मीही हौशीच आहे. दुकानातून नवं कोरं सुती कापड आणायचं, त्याचे एकसारखे चौकोन कापायचे, आत पॉलिस्टरचा कापूस भरायचा, आणि याला आजीची गोधडी म्हणायचं. दिसते छान. पण तिच्या पोटात काहीच नसतं. वरचं अंग आमच्या बायकांनीही नेहमीच हौसेनं केलं, त्यात फॅशनही पाळली. आत मात्र जे घरात होतं तेच गेलं. पुण्याची भाची व्हिडिओ कॉलवर शिकते, तिनं विचारलं, "मावशी, थर किती घ्यायचे?" मी म्हटलं, तू झोपणार कुठं त्यावर आहे. फ्लॅटमधल्या पलंगावर दोन पुष्कळ झाले. फरशीवर तीन. मातीवर पाच.

मोलाचंही तसंच. लोक किंमत विचारतात तेव्हा मी कापडाचे पैसे लावत नाही, दोऱ्याचे आणि डोळ्यांचे लावते. एक मोठी वाकळ एकटीनं काढायची तर महिना सहज जातो, आणि दुपारी उजेड आहे तोवरच. घासाघीस करणाऱ्याला मी सुई ओवायला देते.

या दसऱ्याआधी गल्लीतली एक सूनबाई वाकळ घेऊन आली. नवराबायको कर्नाटकात चालले होते. मी आत तिच्या सासूची जुनी सुती लुगडी बसवली, पाच थर केले, आणि वर घालायला माझ्याकडचं एक मऊ पातळ काढलं. तिनं ते बाजूला सारलं आणि पिशवीतून हिरवी झगझगीत नायलॉनची साडी काढली. "बाई, वरून हीच लावा. तिकडं चिखल असतो. झटकली की साफ, धुतली की तासात वाळते. सुती वाकळ भिजली तर दोन दिवस आम्ही काय पांघरायचं?" मी चुलीचं सांगितलं, ठिणगीचं सांगितलं. ती म्हणाली, चूल दाराशी मांडू. मग मी टाके जवळजवळ घेतले, थर घसरू नयेत म्हणून.